हात लावू नये

१ डिसेंबर, रविवार

लिफ्टमध्ये पोस्टर लागलंय. लाल टोपी, पांढरी दाढी, बर्फाचा बाहुला. 'ख्रिसमस धमाका — डीजे, केक स्पर्धा, लकी ड्रॉ.' पडेगावात बर्फ! ज्याचा जन्मदिवस, त्याचा मात्र पोस्टरवर पत्ता नाही.

आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. सकाळी छावणीच्या चर्चमध्ये पहिली मेणबत्ती लावली तेव्हा मन कसं शांत होतं. घरी येऊन लिफ्टमध्ये शिरले आणि डोकं फिरलं.

सोसायटीचा सेक्रेटरी अतुल, त्याला जिन्यातच गाठलं. म्हणाला, "मॅडम, सगळ्यांचं व्हावं म्हणून सांता ठेवलाय. धार्मिक काही नको. उगाच वाद होतात."

"गणपतीत दहा दिवस माझ्या खिडकीखाली भोंगा होता. तेव्हा झाला का वाद?"

"मॅडम, गणपती तर सगळ्यांचाच."

मग माझा कोणाचा? हे मात्र विचारलं नाही. कमिटीच्या बैठकीत विचारीन.

३ डिसेंबर

विचारलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं, आवाज कसा लावायचा ते मला कोणी शिकवू नये. म्हटलं, "नाच करा, केक खा, माझी ना नाही. पण नाव त्याचं घेता, तर एका कोपऱ्यात तोही असू द्या." क्लबहाउसमध्ये गव्हाणीचा देखावा मांडायची परवानगी मिळाली. शेवटी चोवीस तारखेला मुलांचा छोटा नाट्यप्रवेश आणि मी जन्माची कथा वाचणार. अट एकच — प्रवचन नको. जसं काही मी प्रवचनं झोडत फिरते.

६ डिसेंबर

खालच्या मजल्यावरच्या साळव्यांकडे बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या. त्यांची विशाखा बोलवायला आली. "आजीनं सांगितलंय, साळवे आजींना घेऊन ये." गुडघा दुखतो म्हटलं. दुखतो तसा, पण एक मजला उतरण्याइतका नाही.

आडनाव एकच, म्हणून कुरियरवाला रोज घोळ घालतो. परवाही त्यांचं पार्सल माझ्याकडे. मी ओरडले, "ते वेगळे साळवे." दार उघडंच होतं. पारूबाई, म्हणजे विशाखाची आजी, जिन्यात उभ्या होत्या. हसल्या नुसत्या. राहायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "बाई, एखांद्या टायमाला आपन एकाच गावचं असू." मी म्हटलं, आम्ही जालन्याचे. ख्रिस्ती. तेवढ्यावर विषय संपवला.

१४ डिसेंबर

गव्हाणी मांडली. वॉचमन फकिराने कडबा आणून दिला, चांगला सोनेरी. मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन ज्ञानी, गाय, गाढव. हा संच शाळा सोडताना सिस्टरने मला दिलेला. आमच्या चर्चमध्ये मूर्ती नसतात, पण गव्हाणीचं वेड मला कॉन्व्हेंटनेच लावलं. सिस्टरचा नियम कडक — बाळ चोवीस तारखेच्या संध्याकाळी ठेवायचं, तोवर गव्हाणी रिकामी. वाट पाहणं हाच आगमनकाळ.

अतुल म्हणाला, "मॅडम, मुलं विचारतायत, देव कुठाय?" घासाघीस झाली. शेवटी ठेवलं. कमरेला एक फडकं, बाकी उघडं, हात पसरलेलं बाळ.

विशाखाला मरियेचं काम दिलंय. दहा वर्षांची आहे, डोळे बोलके, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मोबाइल न बघता बसू शकते.

१६ डिसेंबर

काय काय काढू! काल कोणीतरी उदबत्ती लावली. आज नारळ. दुपारी ज्ञानी लोकांच्या रांगेत प्लास्टिकचा सांता उभा, हातात मोबाइलच्या दुकानाची जाहिरात. एका बाईने बाळाला उचलून सेल्फी घेतला आणि गाढवाच्या पाठीवर ठेवून निघून गेली.

पाटी लिहून लावली. मोठ्या अक्षरात. 'कृपया हात लावू नये.'

१८ डिसेंबर

संध्याकाळी तालमीला क्लबहाउसमध्ये गेले. मुलं, त्यांच्या आया, कॅरम खेळणारे दोघे-तिघे. गव्हाणीशी पारूबाई खाली बसलेल्या. बाळ त्यांच्या मांडीवर! त्याला हिरव्या खणाचं टोपडं शिवून घातलेलं, अंगाभोवती जुन्या लुगड्याचं दुपटं. आणि गालावर काजळाची ही एवढी तीट.

इतक्या दिवसांची उदबत्ती, नारळ, सांता, सगळं एकदम डोक्यात गेलं. बाळ त्यांच्या हातातून काढून घेतलं. टोपडं ओढलं. फरशी पुसायचं ओलं फडकं टेबलावर होतं, त्याने गाल पुसला. खसाखसा. मुलं बघत होती.

"पारूबाई, पाटी वाचता येत नसेल तर कोणाला तरी विचारायचं. हे तुमच्या हाताचं काम नाही. हे पवित्र असतं."

त्या म्हणाल्या, "लेकरू उघडं व्हतं. थंडी लई पडलीय."

"ते लेकरू नाही," मी म्हटलं. "ते प्रतीक आहे."

टोपडं, दुपटं घेऊन त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. विशाखा त्यांच्या मागे गेली. तालीम मरियेशिवाय झाली.

आवाज जरा चढला, कबूल. पण कुठेतरी रेघ ओढावीच लागते. आज तीट, उद्या पाळणा टांगून बारसं करतील. मग उरलं काय ख्रिस्ती?

१९ डिसेंबर

चौथ्या मजल्यावरच्या लक्ष्मीबाई लिफ्टमध्ये भेटल्या. कधी नव्हे ते माझा हात हातात घेतला. "बरं केलंत हो मॅडम. अशा लोकांना वेळीच थांबवलेलं बरं. कुठेही हात लावतात. तुम्ही धुऊन घेतलंत ना ते?"

मला कळलं त्या काय म्हणतायत. लगेच कळलं. काजळाचं नाही, टोपड्याचं नाही, आमच्या श्रद्धेचं तर नाहीच नाही.

मी हसले.

हसले मी. तळमजला आला, त्या उतरल्या, आणि मी परत वर आले. कशाला खाली आले होते तेच आठवेना.

१९ — रात्री

सुकेशनी येऊन गेली. पारूबाईंची सून. खासगी दवाखान्यात नर्स आहे, युनिफॉर्मवरच आली. बसली नाही.

"मॅडम, एकच विचारायचंय. पुसलंत ते काजळ होतं, का आमच्या आईंचा हात?"

"सुकेशनी, अगं काय बोलतेस. आमच्यात तीट वगैरे मानत नाहीत, अंधश्रद्धा—"

"आमच्यातही मानत नाहीत. मीच आईंना ओरडते त्यावरून. पण मी ओल्या फडक्यानं पुसत नाही. चार लोकांत तर नाहीच नाही."

"तसा हेतू नव्हता गं माझा."

"हेतू दिसत नाही, मॅडम. फडकं दिसतं." मग दारातून म्हणाली, "विशाखा नाटकात नाही. तिची तीच नाही म्हणाली. मी सांगितलेलं नाही."

चहाचं विचारायचं राहून गेलं. ती थांबली नसतीच.

२० डिसेंबर

पारूबाई गावी गेल्या. सोयगावच्या अलीकडे त्यांचं गाव आहे, पुतण्या सांडू तिथं शेती करतो. फकिरा सांगत होता, सकाळच्या एसटीने गेल्या, हातात एकच पिशवी. "मुक्काम कितीक दिवस म्हटलं, तर म्हनं आता तिथंच."

आता तिथंच.

दिवसभर स्वतःशी वाद घालतेय. मी जातीवरून केलं नाही. देवाशप्पथ नाही. लक्ष्मीबाईंच्या हातात बाळ असतं तरी मी काढून घेतलं असतं. पुसलंही असतं. पण फरशीच्या फडक्याने? आणि 'वाचता येत नसेल तर' असं लक्ष्मीबाईंना म्हटलं असतं?

नसतं म्हटलं.

२१ डिसेंबर

आजीची आठवण. माझी आजी मनुबाई. जालन्याकडच्या गावात वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायलेली बाई. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आईला म्हणाली होती म्हणे, त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी डोक्यावर हात ठेवला. हात! पाणी नव्हे, मंत्र नव्हे, हाताचंच कौतुक तिला.

शाळेत मी कुणाला हे सांगितलं नाही. ऑफिसात नाही. 'ख्रिस्ती' म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. छान दार बंद होतं. इतकी वर्षं मला वाटलं मी माझी श्रद्धा ठणकावून सांगते. नुसतं दारच लावत होते की काय?

करंज्या करायला घेतल्या. सारण करपलं. टाकून दिलं, दुसरं केलं.

२२ डिसेंबर, रविवार

चर्चची गायनफेरी आली. पेटी, ढोलकी, डफ. तरुण पोरं गच्चीत चांदणी लावून गेली, तीन गाणी म्हटली, फराळ फस्त केला. विशाखा जिन्यात उभी राहून ऐकत होती. मी ताट घेऊन गेले.

"आजी कशी आहे गं?"

"बरी आहे." करंजी घेतली नाही. "आजीनं ते टोपडं आधी माझ्या बाहुलीला घालून बघितलं होतं. माप बरोबर यावं म्हणून."

एवढंच म्हणून खाली गेली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

२४ डिसेंबर

कार्यक्रम 'छान' झाला. मरियेचं काम ऐनवेळी दुसऱ्या मुलीने केलं, ती ओढणी सावरण्यातच मग्न. मी जन्माची कथा वाचली. आवाज अजून खणखणीत आहे. मेंढपाळांपाशी आले तेव्हा समोर रिकामी खुर्ची दिसली, पहिल्या रांगेतली. कुणीतरी पाण्याला उठलं असेल. पण मला पुढची ओळ दिसेना. अतुल कुजबुजला, "मॅडम, कंटिन्यू."

नंतर टाळ्या. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "किती शिस्तीत केलंत सगळं. तुमचे लोक फार स्वच्छ हो."

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. सांताच्या आधी कथा, डीजेच्या आधी गाणं. ज्याचं त्याला मिळालं म्हणायचं.

२५ डिसेंबर — नाताळ

चर्च खचाखच. नव्या साड्या, अत्तर, पोरांच्या बुटांचे आवाज. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब दर वेळी म्हणतात तेच म्हणाले — कोणाशी बिनसलं असेल तर आधी तिकडे जा, मग इथं या. आयुष्यभर ऐकलंय. आयुष्यभर भाकर घ्यायला उठून गेलेय. जे बाकावर बसून राहतात त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघणाऱ्यांत मी पहिली.

आज रांग उठली. मी पाय आखडून घेतले, बाकीच्यांना जाऊ दिलं. नाताळच्या दिवशी भाकर न घेता बसलेली म्हातारी. सगळ्यांनी पाहिलं. पाहू देत.

बाहेर पाळकसाहेबांना गाठलं. सगळं सांगितलं, माझ्या बाजूने जरा जास्तच. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"बाई, मूर्तीला हात लावू नये अशी पाटी आपल्यात कधीपासून लागायला लागली?"

"ते प्रतीक—"

"हो, ते ऐकलं. त्या बाईंना ते लेकरू वाटलं, म्हणता ना?" मग म्हणाले, "जेवायला चला. बायकोने बिर्याणी केलीय."

गेले नाही. कॅनडाहून गोकुळचा व्हिडिओ कॉल आला. "आई, चेहरा का असा?" त्याच्या आजीने ठेवलेलं गोकुळ हे नाव तो लहान असताना मला चारचौघांत खटकायचं, फार हिंदू वाटायचं. त्याला म्हटलं, थंडी आहे.

२७ डिसेंबर

काल गेले होते. आज लिहितेय, काल हात चालत नव्हता.

सुकेशनीकडे पत्ता मागितला. म्हणाली, "जायचं तर जा. मी फोन करून सांगणार नाही, आणि अडवणारही नाही." एसटीने फर्दापूर, तिथून सोयगावची काळीपिवळी जीप. गावात विचारत गेले. सांडूच्या शेतात कापसाची वेचणी चालली होती. पारूबाई ओळीत होत्या, कमरेला ओटी बांधून. मला पाहिलं आणि वेचत राहिल्या.

सांडूची बायको ओरडली, "काकू, शहरातून कोन बाई आल्यात बघा. बूट घालून वावरात!"

"दिसतंय मला."

बांधावर बसलो. मी वाटेत घोकून ठेवलेलं सगळं बोलले. फडकं, पाटी, आवाज. लक्ष्मीबाईंपुढे हसले तेही सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

"हसल्या व्हय?"

"हो."

"ते नसतं सांगितलं तर चाललं असतं की तुमचं."

 सुकलेल्या बोंडातून कापूस ओढत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, तुमी चार मानसांत पुसलं. आन् माफी वावरात मागता. हितं कोन हाय? मी, तुमी आन् पऱ्हाटी. असं नाय जमत."

"मग काय करू?"

"ते मी का सांगू? शिकल्या-सवरल्या तुमी."

चहा पाजला. सांडूने गाडीपर्यंत सोडलं. माफ केलं असं पारूबाई म्हणाल्या नाहीत. मीही परत मागितली नाही.

२९ डिसेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. समेट न करता जाऊन काय करू? पुन्हा बाकावरच बसायचं.

एकतीस तारखेला क्लबहाउसमध्ये सोसायटीचं जेवण आहे. सगळे असतात. अतुलला म्हटलं, मला दोन मिनिटं माइक हवा. त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, प्रवचन—" "नाही रे बाबा. उलट."

भीती वाटतेय. एक्स्चेंजमध्ये साहेबांना झापताना वाटली नव्हती इतकी. माफी मागायची भीती नाही. पुढचं सांगायची आहे. ते सांगितलं नाही तर माफी अर्धीच राहते, हे मला कळलंय. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

३१ डिसेंबर

बोलले. लिहून नेलेला कागद पर्समध्येच राहिला.

म्हटलं, अठरा तारखेला मी याच जागी पारूबाईंचा अपमान केला. त्या बाळाला थंडी वाजू नये म्हणून बसल्या होत्या, मी त्यांचा हात पुसला. चूक माझी. माझ्या धर्माची नाही, माझी.

 पुरी तळायचा आवाज तेवढा. तेवढ्यात लक्ष्मीबाई उठल्या, गोड आवाजात म्हणाल्या, "अहो मॅडम, एवढं काय मनावर घेता. तुम्ही आपल्यातल्या आहात. त्यांच्यासाठी—"

"मी त्यांच्यातली आहे," मी म्हटलं. माइक तोंडाशीच होता, सगळीकडे घुमलं. "माझ्या आजीला गावाने वरून पाणी वाढलं. पारूबाईंच्या आजीलाही वाढलं असेल. आमची आडनावं सारखी आहेत ती उगाच नाहीत. मी कुरियरवाल्याला रोज खोटं सांगते."

बसले.  कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. लक्ष्मीबाई ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या. अतुल माझ्यासाठी जिलबी घेऊन आला आणि काय बोलावं न कळून म्हणाला, "मॅडम, अजून घ्या." सुकेशनी दारात उभी होती, ड्युटीवरून आलेली. विशाखाने मोबाइल उंच धरलेला. कुणाला दाखवत होती कोण जाणे.

हलकं वगैरे काही वाटत नाहीये. इतकी वर्षं हे सांगायला मला एका म्हातारीला रडवावं लागलं. रडल्या होत्या की नाही तेही माहीत नाही. मी बघितलंच नव्हतं.

२ जानेवारी

दुपारी बेल वाजली. पारूबाई. हातात पिशवी, पायांवर एसटीची धूळ.

"खाली कुलूप हाय. सुकेशनी ड्युटीवर, पोरगी शाळेत. त्या येईस्तोर बसू का तुमच्यात?"

आत घेतलं. सोफ्यावर बसल्या, पाणी मागितलं, माझ्याच भांड्यातून प्यायल्या. पदराच्या टोकाला गाठ होती आणि गाठीतून घराची किल्ली बाहेर आलेली. मला स्पष्ट दिसली. मी चहा टाकला.